बर्फाच्या पोटातलं पाणी कसं सापडत गेलं

७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडातल्या चमोलीत ऋषिगंगेला लोंढा आला. दोनशेच्या वर माणसं दगावली किंवा बेपत्ता झाली. सोलापुरातून केदारनाथला जाणारी घरं बरीच आहेत आणि २०१३ चा प्रलय ती विसरलेली नाहीत. त्यामुळे इथेही त्या बातम्या काळजीनं पाहिल्या गेल्या. हिमनदीच्या पोटात साठलेलं पाणी फुटलं असावं, अशी शंका त्या दिवसांत घेतली जात होती. काही महिन्यांनी अभ्यासातून वेगळंच कारण पुढे आलं: रोंटी शिखराचा प्रचंड कडा बर्फासकट कोसळला होता. तरीही ती शंका हवेतली म्हणता येत नाही, कारण असं पाणी फुटून गावं वाहून गेलेली आहेत.

१२ जुलै १८९२ च्या पहाटे फ्रान्सच्या आल्प्समध्ये, माँ ब्लाँच्या अंगावरची तेत रूस ही छोटीशी हिमनदी फुटली. आत कोंडलेलं पाणी दगडमाती घेऊन खाली सेंट जर्वे खोऱ्यात उतरलं आणि सुमारे १७५ माणसं गेली. वरून पाहणाऱ्याला आधी काहीच दिसलं नसतं. पुढे शंभरावर वर्षांनी याच हिमनदीची उपकरणांनी तपासणी झाली, तेव्हा आत पुन्हा सुमारे ५५,००० घनमीटर पाणी आढळलं. २०१० मध्ये भोकं पाडून ते पंपानं उपसलं आणि खालचं गाव वाचवलं. या सगळ्या इतिहासातलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम हेच.

ध्रुवांकडे शोधाची वाट निराळी होती. अंटार्क्टिकात विमानातून रेडिओलहरी सोडून बर्फाची जाडी मोजताना तळाशी सपाट प्रतिध्वनी मिळू लागले आणि १९७३ मध्ये बर्फाखालच्या तळ्यांची पहिली यादी छापली गेली. व्होस्तोक तळ्याचा अफाट आकार १९९६ मध्ये जगापुढे आला. पण ते पाणी तळाचं, जमिनीच्या उष्णतेनं आणि वरच्या दाबानं द्रव राहिलेलं. उन्हाळ्यात वर वितळलेलं पाणी जिरून कुठे जातं, हा प्रश्न वेगळाच होता.

हिमनद्यांचे अभ्यासक कार्ल बेन्सन यांनी १९५२ ते १९५५ या काळात ग्रीनलंडवर फिरून खड्डे खणले आणि कुठल्या पट्ट्यात पाणी बर्फात किती मुरतं याची वर्गवारी केली. मुरलेलं पाणी हिवाळ्यात गोठतं, असंच पुढे बहुतेकांनी धरलं होतं. एप्रिल २०११ मध्ये युटा विद्यापीठाचे रिक फॉर्स्टर यांचा गट आग्नेय ग्रीनलंडमध्ये, साठलेल्या बर्फाचे थर मोजायला छेद घेत होता. हवा उणे १५ अंशांच्या आसपास. सुमारे १० मीटरवरून वर आलेल्या नमुन्यातून पाणी गळायला लागलं.

ते गोठलं का नाही? तिथे हिमवर्षाव दांडगा होतो. उन्हाळ्यात जिरलेल्या पाण्यावर थंडीआधीच भुसभुशीत बर्फाचा जाड थर बसतो. त्यात हवा भरलेली असल्यानं वरची थंडी खाली पोचत नाही. शिवाय थोडं पाणी गोठलं की त्यातून उष्णता सुटते आणि आजूबाजूचा बर्फ शून्य अंशापाशी राहतो. दाण्यांमधल्या पोकळ्यांत पाणी वर्षभर टिकतं. हा जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारा थर, सुमारे ७०,००० चौरस किलोमीटरवर पसरलेला असल्याचं रडारच्या नोंदींवरून दिसलं. साठ्याचा अंदाज १४० अब्ज टन, म्हणजे ११७ टीएमसीची आपली उजनी काठोकाठ भरली तर तशा सुमारे ४२.

समुद्राची पातळी किती वाढणार, हा हिशोब या पोकळ्यांवर अवलंबून आहे. त्या रिकाम्या असतील तर वितळलेलं पाणी त्यात थांबतं. त्या भरल्या, किंवा वरती पाणी गोठून अभेद्य लादी तयार झाली, की पुढचं सगळं पाणी थेट समुद्राकडे वाहतं. जुलै २०१२ मध्ये ग्रीनलंडचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग काही दिवस वितळला. त्यानंतर अशा लाद्या आणखी उंचावर आढळल्या आहेत. काही ठिकाणी जलधराचं पाणी भेगांमधून तळापर्यंत उतरतं आणि तिथे बर्फाच्या सरकण्यावर परिणाम करू शकतं.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेला इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह दर १२ दिवसांनी हिमनद्यांवरून फिरून त्यांची हालचाल टिपण्यासाठी आहे. आतलं पाणी किती खोल आणि किती, हे ठरवायला मात्र विमानातलं रडार आणि बर्फात उतरवलेली भोकं अजूनही लागतात.