उंदीर मारण्याआधी फट शोधा

ओट्याखालच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या, टोकांना निमुळत्या काळ्या लेंड्या दिसल्या की घरातलं कुणीतरी विषाची वडी आणायला निघतं. आधी टॉर्च घ्या.

घरातला छोटा उंदीर जेमतेम 15 ते 25 ग्रॅमचा. पेन्सिल जाईल एवढी फट त्याला आत शिरायला पुरते. मादीचा गर्भकाळ 19 ते 21 दिवस, एका वेताला साधारण पाच-सहा पिल्लं, आणि व्यायल्यावर दिवसभरात ती पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून चार उंदीर मारले आणि फट तशीच ठेवली, तर महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच.

उंदराची नजर अधू असते. मिशांनी भिंत चाचपत तो रोज ठरलेल्या वाटेनं जातो, आणि अंगाचा तेलकटपणा लागून तिथे काळपट पट्टा उमटतो. संशय असेल तिथे रात्री टाल्कम पावडर भुरभुरा, सकाळी पावलं मोजता येतील. वाट बहुतेकदा सिंकच्या पाइपाशी, एसीच्या नळीच्या भोकाशी किंवा दाराखाली संपते. भोकांत तारेची घासणी गच्च कोंबून वरून सिमेंट लिंपा. नुसता थर्मोकोल किंवा फोम तो एका रात्रीत कुरतडतो. त्याचे पटाशीचे दात जन्मभर वाढतच असतात.

आत अडकलेल्यांसाठी सापळा. तो भिंतीला काटकोनात, आमिष भिंतीकडे करून ठेवा. शेंगदाण्याचा कूट किंवा भज्याचा तुकडा उत्तम. चिकट पॅडवर उंदीर तासन् तास तडफडतो, तो मला अजिबात मान्य नाही.

विषाचं मात्र नीट समजून घ्या. ब्रोमाडिओलोनसारखी औषधं ‘के’ जीवनसत्त्वाचं काम अडवतात, त्यामुळे यकृतात रक्त गोठवणारी प्रथिनं नव्यानं तयार होत नाहीत. रक्तातली जुनी संपेपर्यंत उंदीर काही दिवस हिंडत राहतो, मग आतल्या आत रक्तस्राव होऊन कपाटामागे मरतो. त्याआधी त्याला मांजरानं किंवा घुबडानं खाल्लं, तर विष त्यांच्याही पोटात. या विषावर निदान ‘के’ जीवनसत्त्वाचा उतारा आहे. पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टवर तोही नाही. ती माणसाचं यकृत निकामी करते. लहान मुलं असलेल्या घरात ती आणूच नका.

लेंड्या कोरड्या झाडूनं झाडू नका, धूळ नाकात जाते. हातमोजे घालून त्यांवर जंतुनाशक पाणी शिंपडा, पाच मिनिटं भिजू द्या आणि कागदानं टिपून घ्या.