सेरोटोनिन आणि ताण

सेरोटोनिन म्हणजे मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात त्यातलं एक रसायन. सगळीकडे त्याला 'हॅपी हार्मोन' म्हणतात, पण ताणाच्या बाबतीत हे नाव चक्क दिशाभूल करतं. १९४८ साली ते रक्तातून वेगळं काढलं गेलं आणि १९५३ मध्ये बेटी ट्वारॉग आणि आयर्विन पेज यांनी ते मेंदूतही असतं हे दाखवलं. शरीरातलं जवळपास ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं, पण ते मेंदूत शिरत नाही, मेंदू स्वतःचं वेगळं बनवतो, अन्नातल्या प्रथिनांतून मिळणाऱ्या ट्रिप्टोफॅनपासून.

ते बनवणाऱ्या पेशी मेंदूच्या बुंध्याशी असतात, रॅफे नावाच्या छोट्या पुंजक्यांमध्ये, आणि तिथून त्यांचे धागे भीती ओळखणाऱ्या अमिग्डालापर्यंत, कॉर्टिसॉल या ताणाच्या हार्मोनची साखळी सुरू करणाऱ्या हायपोथॅलॅमसपर्यंत, अगदी कपाळामागच्या विचार करणाऱ्या भागापर्यंत जातात. सेरोटोनिनचा निरोप पकडणारे पेशींवरचे रिसेप्टरच चौदाएक प्रकारचे आहेत, त्यामुळे तेच सेरोटोनिन एका जागी ब्रेक लावतं तर दुसरीकडे बेचैनी वाढवतं. म्हणून 'सेरोटोनिन कमी म्हणजे डिप्रेशन' हे गणित फार सोपं करून सांगितलेलं आहे. डिप्रेशनवर देतात त्या एसएसआरआय गोळ्यांनी पेशींमधल्या फटीत सेरोटोनिन काही तासांतच वाढतं, तरी बरं वाटायला बहुतेकांना काही आठवडे लागतात, म्हणजे मधल्या काळात मेंदू हळूहळू स्वतःला बदलत असणार. (गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.)

ताण आणि सेरोटोनिनबद्दल सगळ्यात महत्त्वाचं काम मेंदूशास्त्रज्ञ स्टीव्हन मायर यांच्या लॅबमधलं. दोन उंदरांना शेपटीला सारखेच शॉक, पण एकासमोर चाक, ते त्याने फिरवलं की दोघांचाही शॉक थांबतो. म्हणजे त्रास दोघांना तंतोतंत तेवढाच, फरक इतकाच की एकाच्या हातात काहीतरी आहे. आणि ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्या रॅफेतल्या सेरोटोनिन पेशी कितीतरी जास्त पेटतात, नंतर तो जास्त घाबरतो, पळायची वाट असली तरी पळत नाही. चाकवाल्याच्या मेंदूत कपाळामागचा भाग रॅफेला आवरतो. तो भाग औषधाने तात्पुरता बंद केला की चाक फिरवणारा उंदीरही त्या दुसऱ्यासारखाच वागायला लागतो.

आणि ज्याने आधी एकदा चाक फिरवून शॉक थांबवलाय, त्याला पुढे कधी न थांबवता येणारे शॉक मिळाले तरी त्याचं रॅफे बरंच शांत राहतं.