थंडीत गाडीच्या काचेवर वाफ का धरते?

डिसेंबरात भल्या पहाटे कोल्हापुरातून गगनबावड्याकडे निघालेल्या गाड्या बघा. फुलेवाडी मागे पडेपर्यंत सगळं ठीक असतं. बालिंग्याच्या पुलाजवळ नदीवरचं धुकं अंगावर येतं आणि ड्रायव्हर एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातातल्या फडक्यानं समोरची काच पुसायला लागतो. कळे येईतो तीन-चारदा पुसून होतं. त्यात हंगाम उसाचा. मागे रिफ्लेक्टर नसलेली भरलेली ट्रॉली पुढे चालली असेल, तर ती वेळेत दिसायलाच हवी. म्हणून या वाफेमागचं विज्ञान गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं.

बाहेरचं धुकं आत शिरतं म्हणून काच धुरकट होते, असं बहुतेकांना वाटतं, आणि म्हणून ते काचा गच्च लावून घेतात. खरं तर जास्तीचं पाणी आतच तयार होत असतं, आपल्या श्वासातून आणि त्वचेतून. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा तासाला साधारण 30 ते 40 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपानं हवेत सोडतो. हवेत किती वाफ मावेल हे तापमानावर ठरतं. 1 घनमीटर हवेत 30 अंशांना सुमारे 30 ग्रॅम, 20 अंशांना 17 ग्रॅम आणि 14 अंशांना जेमतेम 12 ग्रॅम.

आता हिशेब मांडू. बाहेर 14 अंश आणि धुकं, म्हणजे हवा वाफेनं काठोकाठ भरलेली. लहान मोटारीत साधारण 3 घनमीटर हवा मावते, म्हणजे दार लावलं तेव्हाच आत 36 ग्रॅम वाफ आहे. चौघे बसले की दर पंधरा मिनिटांना आणखी तीसेक ग्रॅमची भर. आतली हवा अंगाच्या उबेनं थोडी गरम होते, पण काच बाहेरच्या वाऱ्यानं गारच राहते. तिला टेकलेली हवा थंड होते, वाफ मावेनाशी होते आणि तिचे थेंब काचेवर बसतात. ज्या तापमानाला हे सुरू होतं, त्याला दवबिंदू म्हणतात. समोरची अख्खी काच आंधळी करायला चमचाभर पाणी पुरतं. थेंब इतके बारीक असतात की एकेक नजरेला दिसत नाही, पण प्रत्येक जण प्रकाश वेगळ्या दिशेला फेकतो. समोरून हेडलाइट आला की सगळी काच दुधाळ होते ती यामुळे. वडापच्या जीपमध्ये दहा-बारा जण दाटीनं बसलेले असतात, तिथं तर विचारायलाच नको.

यात सगळ्यात जास्त नडतं ते गाडीच्या चित्रात वळलेला बाण असलेलं बटण. ते दाबलं की तीच तीच हवा आत फिरत राहते. उन्हाळ्यात गारवा टिकवायला ते बरं. थंडीत मात्र वाफ कोंडून राहते, शिवाय कार्बन डायऑक्साइड साठून सुस्ती येते. ते बंद करा, बाहेरची हवा आत येऊ द्या. धुक्यातली ओली हवा आत घेऊन काच कशी सुकेल, असा प्रश्न पडेल. पण ती हवा हीटरमधून 30 अंशांना आली, की तिच्यात 30 ग्रॅम मावतात आणि असतात फक्त 12. म्हणजे तिची सापेक्ष आर्द्रता 40 टक्क्यांवर आली. अशी हवा काचेवरचं पाणी भराभर उचलते. इंजिन तापेपर्यंत ही ऊब मिळत नाही, म्हणून पहिली काही मिनिटं त्रासाची जातात.

त्या मिनिटांसाठी एसी आहे. थंडीत एसी कशाला, असं म्हणून लोक त्याला हातच लावत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. हवा गार करणं हे एसीचं निम्मंच काम. 1902 साली विलिस कॅरियर यांनी आधुनिक एसीची पहिली रचना केली ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी. दमट हवेनं तिथला कागद फुगायचा आणि एकावर एक छापायचे रंग जागेवरून सरकायचे. त्यांना हवेतलं पाणी काढायचं होतं. गाडीतला एसीही तेच करतो. हवा थंडगार कॉइलवरून जाते, वाफेचं पाणी होऊन कॉइलवरून गाडीखाली ठिबकतं आणि कोरडी झालेली हवा पुढे हीटरवरून उबदार होऊन काचेवर येते. एसी आणि हीटर एकत्र लावण्यात चूक काहीच नाही, बऱ्याच गाड्यांत समोरच्या काचेवरची वाफ घालवायचं बटण दाबलं की एसी आपोआप सुरू होतो. बाहेर पारा शून्याजवळ गेला की कॉम्प्रेसर चालत नाही, पण आपल्याकडे तशी वेळ येत नाही. ॲव्हरेजची काळजीही फार नको, गार हवेत कॉम्प्रेसरवर ताण कमी पडतो.

एक मात्र लक्षात ठेवा. काच स्वच्छ झाली म्हणून लगेच एसी बंद केला, तर ओल्या कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत मिसळतं आणि बघता बघता काच परत धुरकटते. घाट उतरेपर्यंत तो चालू राहू द्या.

काच आतून स्वच्छ असणं तितकंच गरजेचं. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून सुटणारे पदार्थ आणि हाताचा तेलकटपणा काचेवर पातळ थर धरतात. अशा काचेवर पाणी पसरत नाही, सुटे थेंब बनून बसतं. हातानं पुसलं की त्यात भरच पडते.

गाडीतलं ओलं सामानही आठवणीनं काढा. नरसोबाच्या वाडीला संगमावर स्नान करून परतताना पिळलेले टॉवेल आणि धोतरं मागच्या सीटवर टाकलेली असतात. पिळल्यावरही त्यांत किती तरी पाणी उरतं आणि ते सगळं वाटभर हवेत येत राहतं. पिशवीचं तोंड घट्ट बांधलं तरी पुरे. फूटमॅट उचलून खालचं कार्पेटही हातानं चाचपून बघा.

पावसाळ्यात गणित उलटं होतं. एसीनं काच आतून गार होते आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर बाहेरच्या बाजूनं थेंब सोडते. वायपर मारल्यावर गेली, तर वाफ बाहेरची आहे. तेव्हा काचेवर येणारा गार झोत वळवा आणि तापमान थोडं वाढवा.

आणि काचेवर आतून चिकट, गोडसर वासाचा थर पुन्हा पुन्हा येत असेल, तर हीटरमधून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, गळत असण्याची शक्यता आहे. त्यावर एसी लावून उपयोग नाही, गाडी गॅरेजला न्या.