स्वरव्यायाम

स्वरव्यायाम : बोलताना क्षीण पडणारा, लवकर थकणारा किंवा ऐकणाऱ्यापर्यंत न पोहोचणारा आवाज नियमित सरावाने सुधारण्याची पद्धत. गायनाच्या रियाजात सुरावर आणि उच्चारशुद्धीत वर्णांवर भर असतो. स्वरव्यायामात श्वासाचा दाब, स्वरतंतूंचे (स्वरयंत्रातील कंप पावून आवाज निर्माण करणाऱ्या पडद्यांचे) मिटणे आणि घसा-तोंडाच्या पोकळीतील अनुनाद (आवाजाचे घुमणे) यांचा मेळ बसवायचा असतो. आवाज बसणे, फाटणे, घोगरा होणे या तक्रारी क्षीणतेहून वेगळ्या आहेत, पण एकाच माणसात त्या बहुधा हातात हात घालून येतात.

इतिहास : या विषयावरील बहुतेक लेखन ग्रीक वक्ता डिमॉस्थिनीझ (इ. स. पू. ३८४–३२२) तोंडात खडे धरून बोलत असे, या कथेपासून सुरू होते. तिचा उगम तपासण्यासारखा आहे. ग्रीक चरित्रकार प्लूटार्कने लिहिलेल्या चरित्रात ती फॅलेरमच्या डीमीट्रियस या लेखकाच्या हवाल्याने येते आणि डीमीट्रियसने ती उतारवयातील डिमॉस्थिनीझच्याच तोंडून ऐकल्याचे म्हटले आहे. प्लूटार्क मात्र घटनेनंतर चार शतकांनी लिहीत होता. त्याच्या मते डिमॉस्थिनीझचे दोष तीन : आवाज दुबळा, उच्चार अस्पष्ट, दम अपुरा. खडे होते ते अस्पष्ट उच्चारासाठी. आवाजासाठी तो धावताना किंवा चढण चढताना बोलत असे आणि भाषणातील उतारे वा कवितेच्या ओळी एका श्वासात म्हणत असे. लोकप्रिय कथनात हे दोन्ही उपाय एकत्र झाले आणि खड्यांनाच आवाज मोठा करण्याचे श्रेय मिळाले. समुद्रकिनारी लाटांच्या गर्जनेवर मात करत बोलण्याचा प्रसंग डीमीट्रियसच्या वृत्तांतात नाही. तो रोमन वक्ता सिसरोच्या लेखनात आढळतो, म्हणून त्याला दुय्यम मानणे बरे. एका श्वासाचा सराव मात्र सिसरोही सांगतो. तो भाग अधिक विश्वसनीय वाटतो.

रोमन काळात आवाजाच्या तालमीला स्वतंत्र शिक्षक असत. सम्राट नीरो उताणा पडून छातीवर शिशाचा पत्रा ठेवत असे, असे रोमन चरित्रकार स्वेटोनियस सांगतो. हा उपाय श्वासाच्या स्नायूंसाठी असावा.

भारतीय परंपरेत आवाजाचा विचार शिक्षाग्रंथांत, म्हणजे वेदपठणाच्या उच्चारशास्त्रावरील ग्रंथांत, येतो. पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांचे सहा प्रकार दिले आहेत : गाऊन म्हणणारा, घाईने म्हणणारा, डोके हलवणारा, लिहिलेले वाचणारा, अर्थ न जाणणारा आणि ‘अल्पकण्ठ’. शेवटच्या शब्दाचा अर्थ दुबळ्या आवाजाचा असाच घेणे सरळ आहे. त्याच ग्रंथात सकाळी छातीतून, वाघाच्या गुरगुरण्यासारख्या स्वरात पठण करावे, दुपारी कंठातून चक्रवाकासारखे आणि तिसऱ्या सवनाच्या (दिवसातील तिसऱ्या सोमयाग-विधीच्या) वेळी मस्तकातून मोर, हंस व कोकिळेसारखे करावे, असा क्रम आहे. सकाळी खालच्या पट्टीपासून सुरुवात करण्याचा आजचा सल्ला याच्याशी जुळतो, पण त्यावरून शिक्षाकारांना स्वरतंतूंचे शरीरविज्ञान ठाऊक होते असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

या ग्रंथाच्या कर्तृत्वाबद्दल मतभेद आहेत. एक परंपरा तो पाणिनीचा मानते, तर दुसरी पाणिनीचा धाकटा भाऊ समजल्या गेलेल्या पिंगलाचा. ‘पाणिनीचे मत जसे आहे तसे शिक्षा सांगतो’ हा ग्रंथारंभच कर्ता पाणिनीहून वेगळा असल्याचे सुचवतो. मनमोहन घोष यांनी १९३८ च्या आवृत्तीत ग्रंथाचा मूळ गाभा लहान, सुमारे १८ श्लोकांचा असल्याचे मानून तो पाणिनीशी जोडला. आज हाती असलेला सुमारे ६० श्लोकांचा पाठ एका हातचा व एका काळचा नसावा, एवढे सर्वसाधारणपणे मान्य आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात स्वरभेदाचे (आवाज बिघडण्याचे) सहा प्रकार असून अतिशय मोठ्याने बोलणे हे त्याचे एक कारण म्हटले आहे.

शरीरक्रिया : स्वरतंतूंना स्वतःच्या डोळ्यांनी हलताना पाहून त्यांचे वर्णन करण्याचे श्रेय गायनशिक्षक मॅन्युएल गार्सिया यांना दिले जाते. त्यांनी १८५४ मध्ये आरशाच्या साहाय्याने स्वतःचेच स्वरयंत्र पाहिले. तंतू का कंप पावतात यावर पुढे वाद झाला. प्रत्येक कंपनासाठी मेंदूतून वेगळा संदेश येतो, हे राउल ह्यूसाँ यांचे १९५० चे मत टिकले नाही. यानविलेम व्हान डेन बर्ग यांनी १९५८ मध्ये मांडल्याप्रमाणे तंतूंचा ताण, त्यांची लवचिकता आणि वाहती हवा यांतून कंपन आपोआप चालू राहते, हे आज स्वीकारले जाते. हिरानो मिनोरू यांनी १९७४ मध्ये स्नायूचा गाभा व त्यावरचे मऊ आवरण असे तंतूचे दोन कार्यात्मक भाग दाखवले. कंपनाची लाट मुख्यतः आवरणात उठते. घोगरेपणात सहसा हे आवरण सुजलेले असते. नुसत्या क्षीण आवाजात ते पुष्कळदा निरोगी सापडते.

साध्या संभाषणात स्वरतंतूंखालचा हवेचा दाब ५ ते १० सेंमी. पाण्याच्या स्तंभाइतका असतो आणि तो दुप्पट झाला की आवाजाची पातळी साधारण ८-९ डेसिबलने वाढते. पण तंतू नीट मिटत नसतील तर जादा दाब फटीतून नुसता वाया जातो. ‘आ’ एका श्वासात किती वेळ टिकतो, ही यासाठीची साधी चाचणी आहे. निरोगी प्रौढाचा स्वर बहुधा १५ ते २५ सेकंद टिकतो. तो १० सेकंदांच्या खाली आला तर गळतीची शंका घेतली जाते.

व्यायामाने स्नायू बळकट होतात की त्यांचा ताळमेळ सुधारतो, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. हातापायांच्या स्नायूंप्रमाणे स्वरयंत्राचे स्नायूही सरावाने भरतात, असे काही स्वरचिकित्सक मानतात. वृद्ध उंदरांवरील प्रयोगांत सरावानंतर चेता-स्नायू संधींत (मज्जातंतू स्नायूला जोडला जातो त्या जागी) बदल दिसले आहेत. माणसात मात्र थेट पुरावा थोडा आहे. कित्येकांचा आवाज काही दिवसांतच पुष्कळ सुधारतो, आणि इतक्या कमी वेळात स्नायूची वाढ होत नाही. हे पाहता ताळमेळाचे स्पष्टीकरण अधिक पटते. पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) रुग्णांचा अनुभवही तेच सांगतो. त्यांच्यात मोठ्याने बोलण्याची ताकद बहुधा उरलेली असते, पण स्वतःच्या आवाजाचे माप बिघडलेले असते. इतरांना नेहमीचा वाटणारा आवाज त्यांना ओरडल्यासारखा वाटतो.

पद्धती : श्वासाच्या सरावात पोट व खालच्या बरगड्या फुगतील असा श्वास घेऊन ‘स्स्’ असा समान धारेने सोडतात. खांदे उचलले जात असतील तर श्वास वर अडकतो आहे, हे आरशातही दिसते.

अलीकडे नळीचा व्यायाम जास्त प्रचलित आहे. पेल्यातील पाण्यात नळीचे टोक साधारण २ सेंमी. बुडवून, ओठ घट्ट मिटून तिच्यातून ‘ऊ’ म्हणायचे. बुडबुडे सलग येत राहिले आणि ओठांपाशी, गालांत झिणझिण जाणवली की जमले. बुडबुडे अडखळले तर श्वासाची धार तुटली. बुडबुडे येतात पण स्वर उमटत नाही, तेव्हा हवा तंतूंना न जुमानता निसटते आहे. तोंडाकडील वाट अरुंद झाल्याने तंतूंच्या वर थोडा उलटा दाब तयार होतो. त्यामुळे ते कमी धक्क्याने आदळतात आणि कमी दाबातच कंपन सुरू होते. पाण्यात धरलेल्या नळीचा वापर फिनलंडमध्ये अंट्टी सोव्हियार्व्ही यांनी रूढ केला, तर त्यामागच्या भौतिकीवर इंगो टिट्झ यांचे काम आहे.

अमेरिकन स्वरचिकित्सक जोसेफ स्टेम्पल यांच्या व्यायामक्रमात चार भाग असतात : एक स्वर धरणे, खालून वर घसरत जाणे, वरून खाली येणे आणि पाच ठरावीक स्वर एकेक करून टिकवणे. प्रत्येक भाग दोनदा, दिवसातून दोन वेळा आणि शक्य तितक्या हळू आवाजात करायचा असतो. मोठा आवाज हवा असताना हळू बोलायला लावणे हे शिकणाऱ्याला सुरुवातीला पटत नाही. हळू स्वर फटीशिवाय टिकवायला नेमका तोच ताळमेळ लागतो, जो नेहमी कमी पडत असतो. याउलट पार्किन्सनसाठी लॉरेन रामिग यांनी १९८७ पासून विकसित केलेल्या पद्धतीत सर्व भर मोठ्या आवाजावर आहे. आठवड्यातून चार दिवस, चार आठवडे, तासाची एकेक अशी १६ सत्रे त्यात असतात.

तळवे एकमेकांवर दाबत किंवा भिंत ढकलत जोरात स्वर काढण्याचा उपाय एमिल फ्रोशेल्स आणि सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये तंतूच्या लकव्यासाठी मांडला. त्याने घसा आवळला जातो, म्हणून आता तो जपून वापरतात. तंतूंवर गाठी असतील तर तो टाळतात.

मर्यादा : मुलांमधील क्षीण आवाजासाठी स्वतंत्र क्रम थोडेच आहेत. प्रौढांच्या पद्धतीच खेळाच्या रूपात दिल्या जातात. घोगरेपणा चार आठवड्यांत न गेल्यास व्यायामाआधी स्वरयंत्राची तपासणी करतात. एका बाजूचा तंतू पूर्ण निकामी असेल आणि फट मोठी असेल, तर सरावाने ती भरून निघत नाही. तेव्हा तंतूत पूरक द्रव्य टोचून किंवा शस्त्रक्रियेने तो मध्यरेषेकडे सरकवला जातो आणि व्यायाम त्यानंतर सुरू होतात.