मागच्या सीटवरचं स्वातंत्र्य

सावळेश्वरचा टोलनाका दिसू लागला की पुण्याहून सोलापूरला येणाऱ्या कितीतरी गाड्यांत एकच लगबग होते. चालक एका हातानं सीटबेल्टचा पट्टा ओढून घेतो, शेजारचाही ओढतो. नाका मागं पडला की दोन्ही पट्टे पुन्हा सुटतात. मागं बसलेल्यांनी तर तेवढीही तसदी घेतलेली नसते. विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे: "गाडी माझी, जीव माझा. सरकारला काय करायचंय?"

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही, सोलापुरात तर नाहीच. मे १९३० मध्ये या शहरानं इंग्रजांचा अंमल काही दिवस झुगारून दिला, त्यापायी मार्शल लॉ सोसला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चौघे फासावर गेले. सरकारनं माणसाच्या आयुष्यात कुठवर हात घालावा, हे विचारण्याचा इथल्या माणसाला पुरेपूर हक्क आहे. म्हणून त्याला नुसती दंडाची पावती फाडून देणं मला पुरेसं वाटत नाही. 'जीव माझा' या म्हणण्यात एक गृहीत दडलेलं आहे, की होईल ते फक्त माझंच होईल. हे गृहीत खरं की खोटं, ते गणितानं तपासता येतं.

ताशी ६० किलोमीटर हा आपल्या हायवेवर कुणाला वेगही वाटत नाही. सेकंदाच्या हिशोबात तो जवळपास १७ मीटर होतो. या वेगानं गाडी भिंतीवर आदळणं म्हणजे साधारण १४ मीटर उंचीवरून, चौथ्या-पाचव्या मजल्यावरून खाली पडणं. गाडीचं नाक चेपतं आणि सुमारे ६० सेंटीमीटरमध्ये ती थांबते. त्याला लागतो सेकंदाचा चौदावा भाग. एवढ्या वेळात धोका जाणवून हात पुढं करणंसुद्धा माणसाच्या मेंदूला जमत नाही.

गाडी थांबली तरी आतला माणूस थांबलेला नसतो. न्यूटनच्या पहिल्या नियमानुसार तो त्याच १७ मीटरच्या वेगानं पुढं जात राहतो आणि त्याला कशानं तरी थांबवावंच लागतं. पट्टा असेल तर तो गाडीबरोबरच थांबू लागतो. नाक चेपण्याचं अंतर त्याच्या वाट्याला येतं, वर पट्ट्याच्या ताणाचे काही सेंटीमीटर. धरून चालू, एकूण ८० सेंटीमीटर. मग ७० किलोच्या माणसावर सरासरी सव्वा टन वजनाइतकं बल येतं. ते भयंकर आहे, पण छातीची आणि कमरेची हाडं ते बहुधा झेलू शकतात. पट्टा नसेल तर तो डॅशबोर्डवर आदळून जेमतेम १० सेंटीमीटरमध्ये थांबतो. अंतर आठपट कमी झालं, म्हणून बल आठपट वाढलं: दहा टनांच्या आसपास. आणि ते येतं डोक्यावर, मानेवर, बरगड्यांवर. पट्ट्याचं सगळं शास्त्र या थांबायच्या अंतरात आहे.

आज वापरात असलेला तीन टोकांचा पट्टा १९५९ मध्ये व्होल्वो कंपनीतल्या निल्स बोलिन या स्वीडिश अभियंत्यानं तयार केला. त्याआधी तो साब कंपनीत लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनावर, काम करत होता, म्हणजे शरीर किती झटका सोसतं याचा त्याचा अभ्यास होता. कमरेचा पट्टा ओटीपोटाच्या मऊ भागावर न राहता खाली, कमरेच्या हाडावर बसावा, आणि खांद्याचा पट्टा गळपट्टीच्या हाडावरून छातीवर उतरावा, ही त्याची मांडणी. गरोदर बाईनंही पट्टा लावावा, फक्त कमरेचा भाग पोटाच्या खालून घ्यावा. व्होल्वोनं हे पेटंट सगळ्या कंपन्यांना वापरायला मोकळं केलं. पैसा सोडून इतकी माणसं वाचवणारे निर्णय उद्योगांच्या इतिहासात फार सापडत नाहीत.

पट्टा ही विणलेली पॉलिस्टरची फीत असते. यंत्रमागावर हयात गेलेल्या सोलापूरकराला सांगायला नको की लांबीच्या दिशेचा सारा भार ताण्याच्या धाग्यांवर येतो. धडकेत हे धागे थोडे ताणले जातात आणि तेवढी ऊर्जा गिळतात. म्हणूनच मोठ्या अपघातानंतर तोच पट्टा पुन्हा वापरायचा नसतो. रिळात एक छोटा लोलक किंवा गोळी असते. गाडी एकदम मंदावली की ती पुढं सरकते, खटका दात्यात अडकतो आणि रीळ जागच्या जागी थांबतं. "एअरबॅग आहे की" असं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की ती पिशवी सेकंदाच्या हजार भागांपैकी तीस-चाळीस भागांत फुगते आणि पट्टा लावून मागं टेकून बसलेल्या माणसासाठी बनवलेली असते. पट्ट्याविना पुढं फेकलेल्या माणसाला ती फुगता फुगताच इजा करू शकते.

आता मागची सीट. मागं बसलेल्या ७० किलोच्या, पट्टा नसलेल्या माणसासमोर डॅशबोर्ड नसतो, माणूस असतो. तो पुढच्या सीटच्या पाठीवर आदळतो, तेव्हा पट्टा लावून नीट बसलेला पुढचा माणूस मधल्यामध्ये चिरडला जातो. जपानमधल्या अपघातांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २००२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. मागच्यांनी पट्टा लावला नसेल तर पुढं पट्टा लावून बसलेल्यांच्या मृत्यूचा धोका सुमारे पाचपट होतो, असं त्यात दिसलं. मांडीवरचं लेकरू हाही त्याच गणिताचा भाग. ताशी ५० च्या वेगात १० किलोचं मूल धडकेच्या क्षणी दीडशे किलोहून जड होतं. कोणत्याही आईचे हात ते धरू शकत नाहीत. इथं 'जीव माझा' हे वाक्य शास्त्रानंच खोटं ठरतं. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, त्या गाडीतले मागचे दोघे पट्ट्याविना होते. ते दोघेही गेले, पुढचे दोघे जखमी झाले पण वाचले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार त्या वर्षी देशात पट्टा न लावलेले १६,७१५ जण मृत्युमुखी पडले. त्यातले ८,३३१, म्हणजे निम्मे, प्रवासी होते.

राहिला एकटा चालक. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाचं म्हणणं होतं की दुसऱ्याला इजा होणार असेल तरच माणसाच्या स्वातंत्र्याला आवर घालावा, त्याचं स्वतःचं भलं हे कारण पुरेसं नाही. त्याचंच उदाहरण: मोडक्या पुलावर पाऊल टाकणाऱ्याला, सावध करायला वेळच नसेल तर, धरून मागं ओढावं. पण धोका नुसता संभवत असेल तर त्याला सांगावं आणि त्याचं त्याला ठरवू द्यावं. या हिशोबानं पट्टा न लावल्यावर वाजणारी डॅशबोर्डवरची पिंग-पिंग पुरेशी ठरेल. मला ती पुरेशी वाटत नाही. रात्री मोहोळच्या पुढं दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉलीला गाडी घासली, तर त्या पहिल्या धडकेनंतरही ती धावतच असते. चालक सीटवर असेल तर ब्रेक आणि स्टिअरिंग त्याच्या ताब्यात राहतं. तो फेकला गेला असेल तर शेजारच्या दुचाकीवाल्याचं नशीब. पट्टा लावला की चालक बेफिकीर होतो, असा आक्षेप सॅम पेल्ट्झमन या अर्थतज्ज्ञानं १९७५ मध्ये घेतला आणि त्यावर पुष्कळ वाद झाला. पण तेवढ्यासाठी कायदे मागं घेण्याची वेळ आली नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं १९७० मध्ये पट्टा सक्तीचा केला आणि एकेक करत जग त्याच वाटेनं गेलं.

ब्रिटननं १९८३ मध्ये पुढच्या सीटसाठी सक्ती केली आणि ४० टक्क्यांच्या आसपास असलेला वापर लगेच ९० टक्क्यांवर गेला. यातलं मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की कायद्यानंतर पट्टा लावू लागलेल्या त्या निम्म्या लोकांनी आधी विचारपूर्वक नकार दिलेला नव्हता. त्यांचं ते लावायचं राहून जात होतं. एका हाताची हालचाल आणि आपल्याकडं २०१९ च्या दुरुस्तीनंतर एक हजार रुपये दंड, एवढंच हे बंधन आहे, आणि मी ते मनापासून मान्य करतो.

आता आपल्या केंद्रीय नियमाकडं पाहा. पट्टे बसवलेल्या गाडीत पुढच्यांनी आणि पुढं तोंड करून मागं बसलेल्यांनी तो लावावा, असं १३८ वा नियम सांगतो. अक्कलकोट, मंगळवेढा, तुळजापूरच्या रस्त्यावर जुन्या जीपच्या वडापमध्ये, म्हणजे माणशी भाडं घेणाऱ्या खासगी गाडीत, दाटीवाटीनं, एकमेकांच्या मांडीवर, दाराला लटकून जाणाऱ्या माणसांना हा नियम लागूच पडत नाही, कारण तिथं लावायला पट्टाच नसतो. दंडाची पावती कारवाल्याला मिळते. त्याच रस्त्यावर बाजाराला निघालेल्या बाईपुढं पट्टा लावू की नको हा प्रश्नच येत नाही. वडापला पट्टे, सीट तितकीच माणसं आणि तिच्या गावाला वेळेवर येणारी एसटी, या तीन गोष्टींची सक्ती सरकारवर कुणी करायची, हे या वादात अजून कुणी विचारलेलं नाही.