धर्मनिंदा आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य : इस्लामी दृष्टिकोन

अल्लाह, कुराण किंवा पैगंबर मुहंमद यांची निंदा वा टवाळी झाल्यास मुसलमानाने कसे वागावे, यासंबंधीची शिकवण आणि तिच्यावरील वाद. निंदकाला माणसांनी द्यावयाची निश्चित शिक्षा कुराणात सांगितलेली नाही. शिक्षेसाठी ज्या आयतींचा आधार घेतात, त्यांचा तसा अर्थ लावावा लागतो. वर्तनाबद्दलचा आदेश मात्र सरळ आहे. अल्लाहच्या वचनांची थट्टा चालली असेल, तर थट्टा करणारी माणसे दुसऱ्या विषयाकडे वळेपर्यंत त्यांच्यात बसू नये (कुराण, अध्याय ४, आयत १४०). म्हणजे उठून जायचे ते तेवढ्यापुरते, कायमचे संबंध तोडून नव्हे. आयतीतला हा बारकावा फार मोलाचा आहे. इतरांच्या दैवतांना शिव्या देण्यासही मनाई आहे (६:१०८).

हदीसमधला, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या परंपरागत नोंदींमधला, एक प्रसंग बोलका आहे. काही जणांनी पैगंबरांना सलाम करण्याचा बहाणा करून ‘तुम्हांला मरण येवो’ असे म्हटले. पैगंबरांच्या पत्नी आयेशा संतापल्या आणि त्यांनी शापच परत केला. पैगंबर म्हणाले, ‘हळू, आयेशा. अल्लाहला प्रत्येक बाबतीत सौम्यपणा आवडतो.’ आयेशांनी विचारले, ‘ते काय म्हणाले, आपण ऐकलं नाहीत?’ पैगंबर म्हणाले, ‘मी त्यांना म्हणालो ना, तुम्हांलाही.’ एवढ्यावर विषय संपला.

दुसरी बाजूही नोंदवलीच पाहिजे. कवी काब इब्न अल-अशरफ ६२४ च्या सुमारास पैगंबरांच्या आदेशाने मारला गेला. त्याचा गुन्हा निंदेचा की मक्केला युद्धासाठी चिथावण्याचा, यावर अभ्यासकांत एकमत नाही. काब इब्न झुहैर या दुसऱ्या निंदक कवीने मात्र शरण येऊन कविता ऐकवली, तेव्हा त्याला क्षमा मिळाली आणि परंपरेनुसार पैगंबरांची चादरही.

पुढे फकीहांनी (इस्लामी कायदेपंडितांनी) मुसलमान निंदकाचा गुन्हा धर्मत्यागाच्या तोडीचा मानून मृत्युदंड सांगितला. बिगरमुस्लिम प्रजाजनाला मात्र एवढ्यासाठी ठार करू नये, शासनाने अन्य शिक्षा द्यावी, असे हनफी विधिपंथाचे प्रवर्तक अबू हनीफा यांचे मत होते. धर्म आणि राजनिष्ठा एकच मानली जात होती, त्या काळातले हे कायदे आहेत. ते जसेच्या तसे आजच्या राज्याला लावणे योग्य नव्हे.

आधुनिक काळात इराणचे सर्वोच्च नेते खोमेनी यांचा ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’ या कादंबरीचे लेखक सलमान रश्दी यांच्याविरुद्धचा १९८९ चा फतवा आणि डॅनिश वृत्तपत्रातली २००५ ची पैगंबरांची व्यंगचित्रे यांमुळे हा वाद जगभर पेटला. इस्लामी सहकार्य संघटनेने (मुस्लिम देशांच्या संघटनेने) संयुक्त राष्ट्रांत अनेक वर्षे ‘धर्मांची बदनामी’ रोखणारे ठराव आणले. २०११ मध्ये मानवी हक्क परिषदेत ठराव १६/१८ एकमताने संमत झाला. त्यात संरक्षण धर्माला नव्हे, तर धर्म पाळणाऱ्या माणसांना आहे.

पाकिस्तानात पैगंबरांच्या निंदेबद्दलच्या कलम २९५-सी खाली आसिया बीबी या ख्रिस्ती महिलेला २०१० मध्ये फाशी सुनावण्यात आली. त्यांची बाजू घेणारे पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांना २०११ मध्ये त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घातल्या. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने साक्षींतील विसंगतींवर बोट ठेवून आसियांना निर्दोष सोडले. न्या. आसिफ सईद खोसा यांनी निकालात लिहिले की, आसियांच्या धर्माचा अपमान करून वर सत्यात असत्य मिसळणे हेही निंदेहून कमी नाही.