घरातून व्यवसाय करायचाय? आधी कागदपत्रं बघा, मग व्यवसाय निवडा

मूल लहान आहे, नोकरी सुटली आहे, आणि ते दुपारी झोपलं की हाताशी दीड-दोन तास उरतात. त्या वेळात घरातूनच काहीतरी सुरू करावं असं मनात घोळत असतं. अशा आया, आणि हल्ली घरी राहणारे काही बाबाही, मला पहिला प्रश्न विचारतात तो "कोणता व्यवसाय करू?" हाच. माझा उलट प्रश्न असतो: त्या कामाला सरकारी कागद कोणते लागतात ते बघितलंत का? भांडवल थोडंथोडं करून उभं राहतं, पण एका कामाला एकही परवाना लागत नाही आणि दुसऱ्याला पहिली ऑर्डर घेण्याआधीच नोंदणी करावी लागते. हा फरक आधी कळला तर निवड खूप सोपी होते.

कोणत्या कामाला किती कागद

सगळ्यात हलकं काम शिकवणीचं. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा बऱ्याच जणी घाबरल्या होत्या. पण त्या सूचनांत 'कोचिंग'ची व्याख्याच ५० पेक्षा जास्त विद्यार्थ्यांना शिकवणं अशी आहे. हॉलमध्ये सतरंजी टाकून आठ-दहा मुलांना शिकवणाऱ्यांचा त्याच्याशी संबंध येत नाही.

शिवणकाम, फॉल-पिको, मेंदी, हस्तकला यांनाही वेगळा परवाना नाही. साड्या किंवा ड्रेस आणून विकणं सोपं वाटतं आणि कागदांच्या बाबतीत ते आहेही सोपं. त्यातली एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. किरकोळ आणि घाऊक व्यापाराला २ जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करता येते, पण तिचा लाभ बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या, म्हणजे बँकांना ज्या क्षेत्रांना ठरावीक कर्ज द्यावंच लागतं त्यातल्या, कर्जापुरताच मिळतो. स्वतः काही बनवणाऱ्याला किंवा सेवा देणाऱ्याला सूक्ष्म उद्योग म्हणून जे बाकीचे फायदे आहेत, ते व्यापाऱ्याला नाहीत.

खाण्याच्या पदार्थांचं काम मात्र कागदांच्या दृष्टीने सगळ्यात जड. डबे, लोणची, पापड, केक, फराळ, काहीही असो. "मी तर फक्त सोसायटीच्या ग्रुपवर ऑर्डर घेते" म्हणून सुटका होत नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

उद्यम नोंदणी: पात्रता आणि कागद

घरातला व्यवसाय सरकारदरबारी 'उद्योग' म्हणून ओळखला जावा, यासाठी ही नोंदणी. २६ जून २०२० च्या अधिसूचनेने ती ठरली आणि १ जुलै २०२० पासून सुरू झाली. ती सक्तीची नाही, पण कर्जासाठी किंवा व्यवसायाच्या नावाने चालू खातं उघडायला बँकेत गेलात की पहिल्यांदा हीच विचारली जाते.

पात्रतेची अट जवळजवळ नाहीच म्हणा. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीत अडीच कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि वर्षाला १० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल अशी आहे. घरातला कुठलाही व्यवसाय त्यात आरामात बसतो. एकट्याच्या व्यवसायाला, म्हणजे प्रोप्रायटरीला, आधार आणि पॅन लागतं. जीएसटी क्रमांक ज्याला कायद्याने घ्यावा लागतो त्यालाच. कागद अपलोड करायचे नाहीत आणि फी शून्य आहे.

हे 'शून्य' मी मुद्दाम ठळकपणे सांगते. उद्यम नोंदणी असं शोधलं की सरकारी वाटाव्यात अशा कितीतरी खासगी साइट समोर येतात. माझ्या ओळखीच्या एका ताईंनी अशाच साइटवर सोळाशे रुपये भरले, आणि हाती आलं ते सरकारी पोर्टलवर फुकट मिळणारं प्रमाणपत्र. साइटच्या नावाचा शेवट 'गव्ह डॉट इन' असा आहे ना, एवढं बघायचं. पैसे मागणारं पान आलं की ते बंद करायचं. स्वतःहून जमत नसेल तर जिल्हा उद्योग केंद्रात मदत मिळते.

अर्ज भरायला अर्धा तास पुरतो, पण दोन ठिकाणी माणूस अडकतो. पहिली अडचण म्हणजे ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. तो नंबर नवऱ्याचा असेल किंवा बंद पडलेलं जुनं सिम असेल तर अर्ज तिथेच थांबतो. आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घ्या.

दुसरी अडचण नावाची, आणि ती मुख्यतः बायकांच्याच वाट्याला येते. आधारवर सासरचं आडनाव, पॅनवर माहेरचं, बँकेच्या पासबुकावर तिसरंच काहीतरी. पोर्टल पॅनची पडताळणी नावासकट करतं, त्यामुळे पॅनच्या रकान्यात पॅनवर छापलंय तेच नाव अक्षर न अक्षर टाकावं लागतं. तेवढ्याने नोंदणी होऊनही जाते, पण पुढे कर्जाच्या वेळी बँक दोन्ही नावांवर बोट ठेवते. म्हणून लग्नाच्या नोंदणीचा दाखला शोधून ठेवा आणि व्यवसाय सुरू करण्याआधीच सगळीकडे एकच नाव करून घ्या. कोणतं नाव ठेवायचं हा सर्वस्वी तुमचा निर्णय आहे. ते सगळीकडे सारखं असावं, एवढंच बँकेला हवं असतं.

पुढचे रकाने सोपे आहेत. व्यवसायाचं नाव, पत्ता (घरचाच चालतो), बँक खातं आणि आयएफएससी कोड, काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांची संख्या, गुंतवणूक, उलाढाल. गुंतवणुकीत घराची किंमत धरायची नाही, कारण जमीन आणि इमारत त्यातून वगळलेली आहे. शिलाई मशीन, ओव्हन, मिक्सर यांची बिलातली जीएसटी सोडून रक्कम धरायची. म्हणून बिलं जपून ठेवा.

एनआयसी कोड विचारपूर्वक निवडा. हा तुमच्या कामाचा सरकारी वर्ग. पहिले दोन आकडे मुख्य गट सांगतात: १० म्हणजे खाद्यपदार्थ बनवणं, १४ म्हणजे कपडे शिवणं, ८५ म्हणजे शिक्षण. एका व्यक्तीच्या व्यवसायाला एकच उद्यम नोंदणी मिळते, पण तिच्यात कामं कितीही घालता येतात. उन्हाळ्यात पापड-कुरडया आणि शाळा सुरू झाली की शिकवणी, असं करणाऱ्यांनी दोन्ही कोड घालावेत, दुसरी नोंदणी काढू नये.

प्रमाणपत्रावर 'उद्यम'ने सुरू होणारा क्रमांक आणि क्यूआर कोड असतो. ते नंतर कधीही पोर्टलवरून पुन्हा काढता येतं.

पॅन नसेल तरी वाट बंद नाही. जीएसटीच्या कक्षेत न येणाऱ्या अगदी छोट्या उद्योगांसाठी जानेवारी २०२३ मध्ये उद्यम असिस्ट ही सोय आली. तिथे आपण स्वतः अर्ज भरत नाही. बँक किंवा सूक्ष्म वित्त संस्था आपल्या वतीने नोंदणी करून देते.

खाद्यपदार्थांची नोंदणी

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा आणि परवान्यांची नियमावली २०११ ची. छोट्या अन्न व्यावसायिकाला मोठा परवाना लागू नये म्हणून या नियमावलीने तेव्हा वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्यांसाठी साधी नोंदणी ठेवली; आजची मर्यादा पोर्टलवर बघून घ्या. तिचा फॉर्म 'ए', फी वर्षाला १०० रुपये. अर्ज फॉसकॉस या अन्न परवाने-नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर करायचा. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडे जातो.

कागद म्हणजे फोटो आणि ओळखपत्र. कामाचा प्रकार निवडताना घाई नको. रोज ताजं जेवण करून डबे देणं वेगळं आणि लोणचं बनवून बाटलीत भरून विकणं वेगळं. नियमावलीप्रमाणे ७ दिवसांत नोंदणी मिळते, नाकारली जाते किंवा तपासणीची सूचना येते. तपासणीला घाबरू नका. पाणी पिण्यायोग्य आहे का, कचऱ्याला झाकण आहे का, स्वयंपाक करणारी व्यक्ती आजारी तर नाही ना, हे आपण घरच्यांसाठीही बघतोच.

मिळणारा क्रमांक १४ आकडी असतो. तो पाकिटाच्या लेबलवर छापायचा, आणि १ जानेवारी २०२२ पासून बिलावरही लिहिणं बंधनकारक आहे. लेबलवर घटक, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ते, पत्ता आणि शाकाहाराची हिरवी खूण हवी. शेंगदाणे, दूध, गहू घातले असतील तर ते आवर्जून लिहा. कोणाच्या तरी मुलाला त्याची ॲलर्जी असू शकते.

घरगुती गॅस सिलिंडर व्यवसायासाठी वापरता येत नाही, त्यासाठी व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. खर्चाचा हिशेब मांडताना हे बऱ्याच जणी विसरतात आणि डब्याचा दर कमी लावून बसतात.

राहिलेले छोटे कागद

भाड्याचं घर असेल तर मालकाचं आणि सोसायटीत असाल तर सोसायटीचं संमतीपत्र लेखी घ्या. तोंडी होकार भांडणात उपयोगी पडत नाही. ज्याला आपण गुमास्ता म्हणतो त्या दुकान-आस्थापना नोंदणीचं स्वरूप महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने हलकं केलं. वीसपेक्षा कमी (२०२५ च्या दुरुस्तीआधी दहापेक्षा कमी) माणसं असलेल्यांनी फक्त ऑनलाइन सूचना द्यायची, तिची पावती मिळते. चालू खात्याला ती चालते का, हे आपल्या शाखेत विचारून घ्या.

महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्यांना वर्षाला ४० लाख आणि सेवा देणाऱ्यांना २० लाखांपर्यंत उलाढालीला जीएसटी नोंदणी साधारणपणे लागत नाही. ऑनलाइन बाजारपेठेवरून विकायचं असेल, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला आपल्या राज्यापुरती वस्तूंची विक्री जीएसटी नोंदणीशिवाय, जीएसटी पोर्टलवर फक्त नावनोंदणी करून करता येते. परराज्यात माल पाठवायचा असेल तर आधी सल्ला घ्या.

मुद्रा कर्ज

छोट्या व्यवसायांना कर्ज देण्यासाठी ८ एप्रिल २०१५ ला सुरू झालेल्या मुद्रा योजनेतला 'शिशू' गट ५० हजार रुपयांपर्यंतचा. तारण लागत नाही. अर्ज, ओळख आणि पत्त्याचा पुरावा, दोन फोटो, व्यवसायाचा पुरावा (इथे उद्यम प्रमाणपत्र कामी येतं), आणि जे यंत्र घ्यायचं त्याचं दुकानदाराकडून कोटेशन. कोटेशन कोऱ्या कागदावर नको, दुकानाच्या लेटरहेडवर शिक्का-सहीनिशी आणि मशीनचं मॉडेल लिहिलेलं हवं. माझ्या पाहण्यात अर्ज परत आले ते बहुतेक याच कागदावरून.

कर्ज मिळतंय म्हणून पूर्ण ५० हजारांचं घेऊ नका. पिको मशीनपुरतंच हवं असेल तर तेवढंच मागा. पुढे धंदा वाढला आणि केकचं काम जोडायचं ठरलं, तर आधी फॉसकॉसवर नोंदणी करा, मग त्याच उद्यम नोंदणीत 'अपडेट'मध्ये जाऊन नवा कोड घाला आणि दुसऱ्या कर्जाच्या अर्जाला ते नवीन प्रमाणपत्र जोडा.